मैफल टिपायची आहे, यंत्र कोणतं घेऊ?



दोन महिन्यांपूर्वी, रात्रीची जेवणं उरकत असताना मला एका अनोळखी मुलाचा फोन आला. "काका, आमच्या बाईंनी तुमचा नंबर दिला. मला मैफली रेकॉर्ड करायच्या आहेत. कुठला रेकॉर्डर घेऊ तेवढं सांगा, लगेच मागवून टाकतो." मुलगा कोल्हापूरला नोकरी करतो आणि दर रविवारी सकाळच्या गाडीने मिरजेला गाणं शिकायला येतो. ज्या बाईंकडे तो शिकतो, त्यांना मी त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या तेव्हापासून ओळखतो. त्यामुळे टाळाटाळ करता येण्यासारखी नव्हती. त्याला बहुधा एक नाव आणि एक किंमत एवढंच हवं होतं. मी पाऊण तास बोललो. आमटी गार झाली. आज तेच बोलणं जरा निवडून-पाखडून तुमच्यापुढे ठेवतो.

आधीच सांगतो, मी ध्वनिमुद्रणाचा शिकलेला तंत्रज्ञ नाही. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. वायर, बॅटरी, खरखर आणि गुणगुण यांच्याशी पोटापाण्याचा संबंध, आणि गाण्याशी आवडीचा. मिरज-सांगलीकडे राहणाऱ्या माणसाला ही आवड लागायला फार कष्ट पडत नाहीत. तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांची गल्ली इथलीच, अब्दुल करीम खाँसाहेबांनी मुक्काम केला तो इथेच, आणि दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं तेही इथेच. हळूहळू ऐकलेलं जवळ ठेवावंसं वाटू लागलं. आज माझ्या कपाटात चारशेच्या आसपास कॅसेटी आहेत. ‘हे भंगारवाल्याला कधी देणार?’ हा प्रश्न आमच्याकडे दर दिवाळीच्या साफसफाईत निघतो.

आता कुणी म्हणेल, बाजारात एवढं गाणं तयार मिळत असताना हा खटाटोप कशाला? त्याचं उत्तर गाण्यातच आहे. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. तिथून पुढे कित्येक वर्षं एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं एवढाच अवकाश कलावंताला मिळायचा. विलंबित ख्याल त्या मापात कसा बसवायचा? करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचं जे गाणं आपल्या कानावर येतं ते त्याच मापातलं. तास-तासभराची बढत, मध्येच सुचलेली एखादी जागा, रंगलेली साथ, हे सगळं टिकलं ते बऱ्याच अंशी स्पूलचे जाडजूड टेपरेकॉर्डर उचलून नेणाऱ्या हौशी रसिकांमुळे. शिवाय प्रत्येक गावात दोन-चार गाणारी माणसं अशी असतात, की ज्यांची तबकडी कधी निघत नाही. त्यांचं गाणं कुणीतरी टिपलं तर राहतं, नाहीतर नाही.

आमच्या मोठ्या बाई त्यांतल्याच. त्या मुलाच्या बाईंच्या गुरू. म्हणून मी त्यांना मोठ्या बाई म्हणतो. किराणा घराण्याच्या रीतीने गायच्या. आवाज बारीक, सुराला लागला की हलायचा नाही, आणि घाई म्हणून माहीत नाही. मंद्रातल्या एका निषादावर त्या इतक्या वेळ थांबायच्या, की नवखा श्रोता चुळबुळायला लागायचा.

१९९१ सालची गोष्ट. एका विठ्ठल मंदिरात त्यांची बैठक होती. पंचवीस-तीस माणसं, लाउडस्पीकर नाही, एक तंबोरा, पेटी आणि तबला. माझ्याकडे तेव्हा हातात मावणारा एक कॅसेट रेकॉर्डर होता, माइक आतच बसवलेला. त्याची मोठी सोय म्हणजे आवाजाची पातळी तो स्वतःच सांभाळायचा. आपण लाल बटण दाबायचं आणि गाणं ऐकायचं. मला त्या सोयीचा अभिमानच होता. बाईंनी पूरिया मांडला. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू, म्हणजे ४५ मिनिटं पूरिया त्यात आला. मी देवळातून घरी आलो तो लॉटरी लागल्यासारखा.

रात्रीच ऐकायला बसलो. बाई थांबल्या, की तंबोरा भसाभसा वर येत होता, त्याच्याबरोबर टेपची सळसळ आणि देवळामागच्या ओढ्यातले बेडूक. बाईंनी सूर लावला, की सगळं एकदम खाली दबत होतं. तबल्यावर जोराची थाप पडली, की तिच्याबरोबर बाईंचा आवाजही विहिरीत पडल्यासारखा बुडत होता आणि मग हळूहळू वर येत होता. त्या यंत्राला हळू आणि मोठं यांतला फरकच मान्य नव्हता. हळू आहे ते उचलायचं, मोठं आहे ते दाबायचं, एवढंच त्याला ठाऊक. भाषणाला, सभेच्या इतिवृत्ताला ही सोय उत्तम. पण ज्या गायकीत हळू हाच मुद्दा आहे, तिची त्याने कणीक तिंबली होती.

चार दिवसांनी बाई स्वतः ऐकायला घरी आल्या. मला नाही म्हणता आलं नाही. दहा मिनिटं त्यांनी मान खाली घालून ऐकलं, आणि मग विचारलं, "माझा आवाज असा धाप लागल्यासारखा येतो का हो?"

मी परोपरीने सांगितलं, की बाई, हा दोष तुमचा नाही, माझ्या यंत्राचा आहे. त्या "असेल, असेल" म्हणाल्या. पण पटलं नसावं. पुढे मी एका मित्राचं चांगलं यंत्र मागून आणलं आणि पुन्हा विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता नको. ऐकायला या तुम्ही, नुसतं ऐका." दोन वर्षांनी त्या गेल्या. त्यांच्या पूरियाची जगात एकच टेप आहे, आणि ती अशी आहे.

त्या मुलाला मी सगळ्यात आधी हे सांगितलं. म्हणून माझा पहिला निकष हा: ज्या यंत्रावर आवाजाची पातळी हाताने ठरवता येत नाही, ते यंत्र मैफलीसाठी घेऊ नये, मग ते कितीही स्वस्त, सुंदर आणि सोपं असो. आणि ज्याच्यावर ही आपोआपची सोय आहे, तिच्यावर ती बंद करायचीही सोय असली पाहिजे. घरी आणल्याबरोबर पहिलं काम ती बंद करणं. हल्लीच्या मोबाइल फोनवरही हेच घडतं. फोनवरचं साधं रेकॉर्डिंगही बहुधा स्वतःच आवाज सांभाळत असतं. बोलणं छान येतं, गाणं दमतं. फोन तिपाईवर ठेवून मैफल टिपणाऱ्याला मी हसत नाही. काहीच नसण्यापेक्षा ते बरं. पण त्यातल्या त्यात, पातळी हाताने ठरवू देणारं एखादं ॲप तरी घालून घ्यावं.

पूर्वी हाताने पातळी ठरवता येणारी, खिशात मावणारी यंत्रं दुर्मीळ होती. सोनीचा वॉकमन प्रोफेशनल हे ऐंशीच्या दशकातलं आम्हा लोकांचं स्वप्न. कुणाचा मेहुणा दुबईला असला, की त्याच्याकडे लोक घुटमळायचे. मग मिनी डिस्क आली, डॅट आली. डॅटचा दरवाजा आम्हाला परवडणारा नव्हता. २००६-०७ च्या सुमारास झूम, एडिरोल, सोनी यांचे मेमरी कार्डावर टिपणारे छोटे रेकॉर्डर निघाले आणि सगळंच बदललं. कॅसेटची बाजू ४५ मिनिटांनी संपायची ती नेमकी झपताल संपून द्रुत सुरू होताना, आणि मग ‘खट्’ असा आवाज झाला, की अर्धी बैठक वळून माझ्याकडे बघायची. तो त्रास कायमचा गेला. आज साध्यात साध्या रेकॉर्डरवर २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ असं टिपता येतं. त्याला तासाला साधारण एक जीबी जागा लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर तीसेक तास. एवढी जागा असताना एमपी-थ्रीमध्ये टिपण्याचं काहीच कारण उरलेलं नाही. वेव्हमध्ये टिपावं. मित्रांना पाठवताना हवं तर लहान करून पाठवावं.

२४ बिटचा खरा फायदा काय, हे विक्रेते नीट सांगत नाहीत. आवाज ‘जास्त गोड’ होतो असं काही नाही. फायदा हा, की पातळी निर्धास्तपणे खाली ठेवता येते. टेपवर आवाज थोडा मर्यादेबाहेर गेला तर तो जरा जाडसर व्हायचा, एवढंच. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काही नसतं. तिथे गेलेली तान तुटते आणि ती पुन्हा जोडता येत नाही. आणि माझा अनुभव असा, की सुरुवातीला माइक तपासताना गायक जेवढ्या आवाजात गातो, त्याच्या कितीतरी वर तो तासाभराने द्रुतात जातो. म्हणून तपासणीच्या वेळी काटा उणे १८ च्या आसपास राहील असं ठेवावं आणि मग हात लावू नये. मध्ये मध्ये पातळी बदलत बसणारा माणूस म्हणजे माझं ते १९९१ चं यंत्रच.

गेल्या काही वर्षांत ‘३२ बिट फ्लोट’ नावाचा प्रकार छोट्या यंत्रांतही आला आहे. यात पातळी ठरवायचीच नाही. हळूपासून मोठ्यापर्यंत सगळं एवढ्या प्रशस्त मापात टिपलं जातं, की वर-खाली नंतर करता येतं. खरोखर चांगली गोष्ट आहे, आणि नवीन घेणाऱ्याने परवडत असेल तर हेच घ्यावं. फक्त माइकच दुबळा असेल आणि त्याच्यातच आवाज फाटला, तर पुढे बिटांची कितीही चंगळ असून उपयोग नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की पैशाचा मोठा वाटा माइकला द्यावा. रेकॉर्डर पाच-सात वर्षांत जुना होतो, चांगला माइक होत नाही. गाणाऱ्यांच्या तोंडापुढे स्टेजवर जो जाळीच्या गोळ्याचा दणकट माइक असतो, तो डायनॅमिक प्रकारचा. तो तोंडाशी धरायचा असतो. पाच-सहा फुटांवरून तो तंबोऱ्याला ओळखही देत नाही. आपल्याला हवा कंडेन्सर माइक, तोही एकसारख्या दोनांची जोडी. घेताना त्याची स्वतःची खरखर किती, तो आकडा बघावा. १५-१६ डेसिबलच्या आत असला तर बैठकीला चांगला. बाकी आकड्यांमध्ये फार जाऊ नये, मी गेलो आणि दोन वर्षं घालवली.

कंडेन्सर माइकला वीज लागते. रेकॉर्डर ती माइकच्याच वायरीतून वर पाठवतो, ४८ व्होल्ट. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं, कारण आमच्या एक्स्चेंजच्या बॅटऱ्याही ४८ व्होल्टच्याच! आणि माइकची ती तीन पिनांची वायर, तिचंही तत्त्व टेलिफोनच्या जोडतारेचंच. एकच आवाज दोन तारांतून उलट-सुलट पाठवायचा. वाटेत ट्यूबलाइटची, पंख्याच्या रेग्युलेटरची गुणगुण दोघींवर सारखीच चढते, आणि टोकाला वजाबाकी केली की गुणगुण जाते, आवाज राहतो. देवळाच्या आणि मंगल कार्यालयाच्या वायरिंगची अवस्था पाहता, ज्या रेकॉर्डरला ही तीन पिनांची खाच आणि ४८ व्होल्ट आहेत तोच घ्यावा, असं मी म्हणतो. थोडा मोठा असतो, खिशात मावत नाही. न मावू दे.

सुरुवातीला एवढा खर्च झेपत नसेल तर वरती दोन माइक बसवलेला हातातला रेकॉर्डर घ्यावा आणि उरलेल्या पैशात एक उंच, जड पायाचं स्टँड. हे मी अनेकांना सांगून पाहिलं आहे. स्टँडवर पैसे घालवायला कुणी तयार होत नाही. रेकॉर्डर सतरंजीवर ठेवतात, मग त्यात बोटांनी धरलेला ताल, बांगड्या आणि चहाच्या कपबशा येतात.

माइक कुठे ठेवायचा, हा विषय तर एका वेगळ्या भाषणाचा आहे, पण थोडं सांगतोच. अंतर दुप्पट झालं, की गायकाचा थेट येणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो. खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून मागे गेलं की गाणं दूर आणि धुरकट होतं. फार पुढे गेलं तर गायकाचा श्वास आणि पेटीचा भाता. लाउडस्पीकर नसलेल्या बैठकीत गायकाच्या समोर पाच ते सहा फुटांवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर, किंचित खाली झुकवलेली माइकची जोडी, इथून मी सुरुवात करतो. दोन माइकांमध्ये १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन, ही फ्रान्सच्या नभोवाणीने रूढ केलेली मांडणी. अंतर जवळजवळ आपल्या दोन कानांएवढंच. पेटी एका कानाला, तबला दुसऱ्या कानाला आणि मध्ये गायक, असं ऐकताना छान चित्र उभं राहतं.

पण कोन आणि सेंटिमीटरच्या आधी एक बिनपैशाची युक्ती आहे. साथीदार वाद्यं लावत असतात, तेव्हा एक कान बोटाने बंद करावा आणि समोरून हळूहळू फिरावं. दोन कानांनी आपल्याला नको ते गाळून ऐकायची सवय असते. एक बंद केला, की खोलीचा घुमारा, डग्ग्याचा अति गडगडाट, पंख्याची घरघर, सगळं आहे तसं अंगावर येतं. माइकला ते तसंच ऐकू येत असतं. जिथे तंबोरा, गायक आणि तबला त्या एका कानाला बरे वाटतील, तिथे स्टँड. लोक वेड्यासारखं बघतात. आमच्याकडे एकदा एका आजींनी मला कान दुखतोय का विचारून हळद-लसणाच्या तेलाचा उपाय सांगितला होता.

मोठ्या सभागृहात, जिथे ध्वनिक्षेपक लावलेले असतात, तिथला मोह वेगळा. ध्वनिव्यवस्थेवरच्या माणसाशी ओळख काढावी, त्याच्या मिक्सरमधून सरळ वायर घ्यावी, स्वच्छ आवाज! मीही या मोहात पडलो होतो. घरी येऊन ऐकलं तर गायक कानात येऊन बसलेला आणि तबला शेजारच्या घरात वाजतोय. कारण उघड आहे. सभागृहात तबला जात्याच पुरेसा ऐकू येतो, म्हणून तो मिक्सरवर कमीच ठेवलेला असतो. तो माणूस सभागृहासाठी मिश्रण करतो, आपल्या कपाटासाठी नाही. मिक्सरचा आवाज आणि श्रोत्यांतल्या माइकचा आवाज, दोन्ही वेगवेगळे टिपून नंतर एकत्र केले तर मात्र फार सुंदर काम होतं. चार खाचांचे रेकॉर्डर त्यासाठीच असतात. फक्त एक लक्षात ठेवावं. दहा मीटर मागे ठेवलेल्या माइकपर्यंत आवाज पोचायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात आणि वायरीतून तो लगेच येतो. तेवढं एकाला मागे सरकवलं नाही, तर प्रत्येक थापेला सावली पडते.

विजेबद्दल थोडक्यात. यंत्र बॅटरीवर चालवावं, भिंतीतल्या प्लगवर नाही. एक भरलेली पॉवर बँक, एक जास्तीचं कार्ड. आणि लाल दिवा नुसता पेटलाय की आकडे पुढे सरकताहेत, ते पाहावं. बऱ्याच यंत्रांत पहिल्यांदा बटण दाबलं की ते फक्त तयारीत उभं राहतं, दुसऱ्यांदा दाबल्यावर टिपायला लागतं. मी एकदा पूर्ण दीड तास यंत्राला तयारीत उभं ठेवून, डोळे मिटून, समाधानाने गाणं ऐकलं आहे. घरी हे अजून माहीत नाही, म्हणजे आज कळेल.

आता ज्याबद्दल यंत्राच्या दुकानात कुणी बोलत नाही ते. गाणाऱ्याला विचारायचं. कार्यक्रम सुरू झाल्यावर खुणेने नाही, आधी, शांतपणे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा त्याच्या सादरीकरणावरचा हक्क आला. त्याची मुदत आधी २५ वर्षं होती, १९९९ मध्ये ती ५० झाली. स्वतःच्या खासगी ऐकण्यासाठी किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला त्यात सूट आहे. पण यूट्यूबवर टाकणं हे काही खासगी ऐकणं नव्हे. कायदा बाजूला ठेवला तरी, माइक बघून आवाज आक्रसणारे कलावंत मी पाहिले आहेत. त्यांना एक शब्द द्यावा, ‘आधी तुम्ही ऐका, नको वाटलं तर पुसून टाकतो’, आणि तो पाळावा. मी तीनदा पुसलं आहे. एकदा पुसताना बोट थरथरलं, पण पुसलं.

आणि घरी आल्यावर झोपण्यापूर्वी दोन कामं. एक, कार्डावरचं दुसरीकडे उतरवून घेणं, पुढे तिसरीकडे. दोन, लिहून ठेवणं. तारीख, गाव, जागा, राग, ताल, साथीला कोण, तंबोऱ्यावर कोण. माझ्या कपाटात पावसाळ्यात बुरशी येऊन गेलेल्या कॅसेटी आहेत, त्या निदान खराब झाल्या असं म्हणता येतं. पण सुस्थितीतल्या तीसेक कॅसेटींवर माझ्याच अक्षरात नुसतं ‘यमन, छान’ एवढंच आहे. कुणाचा यमन? मला आज सांगता येत नाही. तबलजी ओळखू येतो का म्हणून आम्ही तिघे मित्र एकदा रात्रभर बसलो होतो.

तर त्या मुलाने अखेर काय घेतलं? हातातला एक रेकॉर्डर, ३२ बिट फ्लोटचा, आणि माझ्या आग्रहाखातर जड स्टँड. माइकची जोडी पुढच्या बोनसला. महिन्याभराने तो त्याच्या बाईंच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या शिष्येच्या, घरगुती बैठकीचं मुद्रण घेऊन माझ्याकडे आला. पंखा बंद करायला विसरला होता. बाकी उत्तम. त्यात त्यांनी पूरियाच गायला आहे. मंद्र निषादावर त्या थांबल्या, तेव्हा तंबोरा होता तिथेच राहिला, हलला नाही. मी हेडफोन काढून पाणी प्यायला उठलो.

त्यावरून मला जी गोष्ट सुचली ती सांगतो आणि थांबतो. तंबोरा बैठकीत पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळपास एकाच आवाजात वाजत असतो. मग माझ्या त्या १९९१ च्या टेपवर तंबोरा जिथे जिथे खाली गेला आहे, तिथे तिथे यंत्राने तेवढंच दाबलं आहे, आणि जिथे वर आला आहे तिथे तेवढंच उचललं आहे. म्हणजे तंबोरा हीच मोजपट्टी. कॅसेट संगणकावर उतरवून घेतली आणि पडद्यावर आवाजाची रेघ हाताने वर-खाली ओढायला बसलो, तंबोरा सपाट होईपर्यंत. बाई गात असताना तो ऐकू येत नाही. दोन ओळींच्या मधल्या श्वासात येतो, तेवढ्यात पकडायचा. एका मिनिटाला एक संध्याकाळ जाते. बेडकांचं काही करता येत नाही, ते असू देत.

४५ मिनिटांपैकी ११ मिनिटं झाली आहेत. गेल्या रविवारी गाण्याचा वर्ग संपल्यावर तो मुलगा त्याच्या बाईंना घेऊन आला. बाईंनी ती अकरा मिनिटं दोनदा ऐकली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त उरलेलं कधी होईल ते विचारलं. मग तो मुलगा हेडफोन लावून बसला. सातव्या मिनिटाला त्याने हात वर केला. "काका, इथे तंबोरा अजून जरासा बुडतोय."

त्याचं बरोबर होतं. दीड डेसिबल कमी होतं. ते दुरुस्त केलं.